एंटर न दाबणारे वासुदेवभाऊ

वरोऱ्याच्या बसस्टँडमागे वासुदेवभाऊंचं टायपिंगचं दुकान आहे. लोकांचे अर्ज ते छान परिच्छेद पाडून देतात. पण स्वतःच्या फाईलमध्ये त्यांनी आजवर एकदाही एंटर दाबलेला नाही. सगळी फाईल म्हणजे एकच ओळ! पडद्याच्या कडेला पोचली की आपोआप खाली दुमडते, म्हणून पानासारखी दिसते एवढंच. आता ती इतकी लांबलीय की संगणकालाही घाम फुटतो. भाऊ अक्षर दाबतात, चहाचा घोट घेतात, मग ते उमटतं.

मी शेजारचा मोबाईलवाला. "भाऊ, मधे मधे एंटर मारा ना," सांगून सांगून थकलो. उत्तर ठरलेलं: "तुह्या वहिनीच्या बोलण्यात कुठी एंटर होता काय?"

शांतावहिनींचं माहेर तळ्यावर मासे धरणाऱ्यांचं. तोंडाचा पट्टा असा, की अर्ज सांगायला आलेलं गिऱ्हाईक त्यांच्या मामाच्या लग्नात जाऊन पोचायचं. मग लकवा झाला आणि वाचा गेली. तेव्हापासून वहिनी दुकानात शेजारच्या खुर्चीत बसतात आणि भाऊ त्यांचं जुनं बोलणं आठवून आठवून त्या एका ओळीत टाईप करतात.

परवा सकाळी हाक आली, "गणेश, धाव! तिचं सारं बोलणं गेलं!"

पडद्यावर वर एक ओळ, खाली सगळं पांढरं. मग बाजूला ओलं फडकं दिसलं. चालू संगणकाचा कीबोर्ड रोज घासून पुसायचा, ही भाऊंची जुनी खोड. त्यात भलतीच बटणं दाबली जाऊन ओळ दुमडायची बंद झाली होती. बोलणं कुठेच गेलं नव्हतं; न वळता उजवीकडे सरळ निघालं होतं. मी दुमडणं पुन्हा चालू केलं आणि पडदा भरून आला.

"आली रे बाबा!" भाऊ मटकन बसले. जीव भांड्यात पडला तसे आम्ही दोघं उगाच हसत सुटलो.

"आता तरी एक एंटर मारू?"

"हात नोको लावू!"

खात्रीसाठी भाऊ मोठ्यानं वाचू लागले, "बाबानं तळ्यातून कतला धरून आणला..."

वहिनींनी डावा हात जोरजोरात हलवला.

"कतला नाई? मंग रोहू?"

पुन्हा हात.

"मरळ?"

वहिनींनी मान डोलावली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"पाह्य," भाऊ डोळे पुसत म्हणाले, "अजून बोलूनच राह्यली."

त्यांनी कतला खोडला, 'म' दाबला आणि तो उमटेपर्यंत आम्ही तिघं वाट पाहत बसलो.