डूल, कलेजी आणि बेगायिमची पदवी

या, जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढं या, जागा देवाच्या दारी कधी कमी पडत नाही. आमच्या नारीनच्या डोंगरातल्या एका पोरीची गोष्ट सांगतो. देवानं तिला अक्कल पुष्कळ दिली होती, आणि बेत त्याहून जास्त.

बेगायिम तिचं नाव. शाळा नुकतीच संपलेली, आणि पुढच्या चार वर्षांचा बेत तिच्या डोक्यात रटरटत होता. राजधानीला, बिश्केकला जायचं आणि पदवी घ्यायची ती मानव्यविद्या आणि संस्कृतीच्या अभ्यासाची. आधी जुन्या भाषा, मग गाणी आणि वीरगाथा, मग गावोगाव हिंडून रीतिरिवाज टिपायचे आणि शेवटी प्रबंध. बेतात फट म्हणून नाही, असं ती छातीठोकपणे सांगे.

तिचे वडील जोल्दोश यांना मात्र मुलगी दातांची डॉक्टर व्हायला हवी होती. "संस्कृती शिकायला शहरात कशाला जायचं? ती तर आपण रोज चहात बुडवून खातो," असं त्यांचं म्हणणं. पुष्कळ रुसवेफुगवे झाल्यावर तडजोड ठरली. महाविद्यालयानं घेतलं तर संस्कृती, नाहीतर मुकाट दात.

महाविद्यालयाची परीक्षाही न्यारी होती. आपल्या गावचा एखादा रिवाज फोनवरून करून दाखवायचा आणि समजावून सांगायचा. बेगायिमनं सोयरिकीचा रिवाज निवडला. मुलाची आई मुलीच्या कानात डूल घालते, डोक्याला पांढरा रुमाल बांधते, की पोरगी त्या घरची ठरली. मुलाच्या आईचं सोंग घ्यायला तिनं शेजारच्या तोकोन आपांना गळ घातली. आपांना उर्मात नावाचा लग्नाचा मुलगा होता आणि तो वरच्या कुरणावर मेंढ्या राखत होता, एवढा बारीकसा तपशील बेतातून सुटला.

फोन खिडकीत उभा केला. पलीकडं बिश्केकच्या परीक्षक बाई चष्मा सावरून बसल्या. आपांनी कमरेच्या पुरचुंडीतून डूल काढले, ते चांदीचे, त्यांच्या आजेसासूचे. बेगायिम चपापली.

"आपा, दाखवण्यापुरतंच आहे. साधे चालले असते."

"खोट्या डुलांनी रिवाज होतो होय गं? देव काय आंधळा आहे?" असं म्हणत आपांनी रुमालाची गाठ अशी आवळली, की पोरीच्या भुवया वर गेल्या त्या खाली येईनात.

नेमकी त्याच वेळी एक शेजारीण खिडकीवरून चालली होती. आमच्याकडं शुभवार्ता सगळ्यांत आधी आणील त्याला बक्षीस द्यावं लागतं. त्यामुळं वार्ता खरी की खोटी, हे विचारायला कुणी थांबत नाही. ती बाई बादली तिथंच टाकून पळाली. जोल्दोश कुंपण दुरुस्त करत होते, त्यांच्याकडून तिनं डोक्यावरची नवी टोपी बक्षीस मिळवली. दुसरा कुणी घोड्यावर बसून कुरणाकडं उधळला, उर्मातकडून काहीतरी उकळायला.

बेगायिम बाईंना रिवाजाचा अर्थ समजावते आहे, तोवर अंगणात मेंढीचा शेवटचा आवाज आला. पाठोपाठ घर माणसांनी भरलं. बायका तिचे मुके घेऊ लागल्या. ती ओरडून सांगत होती की हा अभ्यास आहे, पण सोयरिकीच्या दिवशी पोरी लाजून काहीबाही बोलतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. डूल काढावेत, तर तो आपांचा अपमान. तसल्या अपमानानंतर दोन घरं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या विस्तवाला शिवत नाहीत.

एवढ्यात पांढऱ्या दाढीचे कापार आजोबा काठी टेकत आले. ते तरी ऐकतील म्हणून बेगायिम पुढं झाली. आजोबांना वाटलं, पोरगी आशीर्वादाला आली. त्यांनी तळवे उघडले आणि नांदा, सुखानं नांदा, असा आशीर्वाद सुरू केला. सगळ्यांनी तळवे उघडले. "आमीन" म्हणून सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवला.

बेगायिमनंही फिरवला.

लहानपणापासूनची सवय! हात खाली आल्यावर तिला उमगलं. आपल्याच सोयरिकीला आपणच आमीन म्हणालो. चार वर्षांचा बेत, बिश्केक, प्रबंध, सगळं त्या दोन तळव्यांनी पुसून टाकलं. दातांचाही प्रश्न मिटला होता.

तेवढ्यात जोल्दोश ताट घेऊन आले. मेंढीच्या शेपटीची चरबी आणि कलेजी, वाफा निघताहेत. दोन्ही घरांनी ही एकमेकांना भरवली, की सोयरीक पक्की. मग खुद्द देवालाही मोडता येत नाही. बेगायिमच्या डोक्यात वीज चमकली. भरवल्याशिवाय पक्की नाही!

तिनं वडिलांच्या हातून ताट ओढलं आणि खायला सुरुवात केली. चरबीचा लगदा, त्यावर कलेजी, त्यावर पुन्हा चरबी. डोळ्यांतून पाणी, हनुवटीवर तेल. आपा घास घ्यायला हात पुढं करत, ती पाठ फिरवी. शेवटचा तुकडा गिळून तिनं ताट आजोबांसमोर ठेवलं.

आजोबांनी ताट उलटं करून पाहिलं. मग म्हणाले, "दोन्ही घरांनी खायचं ते एकाच घरानं खाल्लं. सोयरीक झाली नाही. पण असली भूक मी जन्मात पाहिली नाही."

तेव्हा खिडकीतून घसा खाकरल्याचा आवाज आला. बाई अजून फोनवरच होत्या. चष्मा कपाळावर गेलेला. "बेगायिम, रिवाज उत्तम दाखवलास. फक्त शेवटचा भाग मी कुठं वाचलेला नाही. तू शरद ऋतूत ये, त्यावरच काम कर."

जोल्दोश एवढंच म्हणाले, "दात तरी शाबूत आहेत ना?"

बेगायिम डूल काढून परत द्यायला गेली, तर तोकोन आपांनी तिची मूठ मिटली. त्या मुळीच रागावल्या नव्हत्या. "असू दे. चार वर्षांची पदवी ना? तोवर माझा धाकटा लग्नाचा होईल."

आता रात्री देवापुढं तळवे उघडाल, तेव्हा एकाचं नाव घ्या. उर्मातचं. बातमी आणणाऱ्याला हातातला चाबूक बक्षीस देऊन बिचारा डोंगर उतरला, वाटेत ओढ्यावर तोंड धुतलं, नवी टोपी घातली, आणि सगळं आटोपल्यावर दारात येऊन उभा राहिला. कुणी त्याला काही सांगितलं नाही. आपांनी नुसतं रिकामं ताट घासायला दिलं.