मी उभीच बरी

आमच्या बेबीकाकू खाली बसत नाहीत. खुर्चीवर बसतात, पलंगावर बसतात, ऑटोत बसतात, एकदा तर भाजीवाल्याच्या हातगाडीच्या कडेला टेकलेल्या मी पाहिल्या आहेत. पण जमिनीवर नाही. अमरावतीत हळदीकुंकवापासून दसव्यापर्यंत सगळं सतरंजीवर चालतं, तिथे हे निभावणं सोपं नाही. काकू निभावतात. कोणी "बसा ना काकू" म्हटलं की त्यांचं एकच उत्तर येतं, "मी उभीच बरी."

महालक्ष्म्यांना आमच्याकडे पंगत बसते. काकू वाढायला उभ्या राहतात, सगळ्यांची जेवणं झाली की ओट्याशी उभ्यानेच जेवतात आणि "आंबील बम चांगली झाली वं" म्हणून निघून जातात. एका दसव्याला तर त्या दारात इतका वेळ उभ्या होत्या, की येणारा प्रत्येक माणूस आधी त्यांच्या पाया पडून, त्यांचंच सांत्वन करून आत जात होता. गेलेले गृहस्थ काकूंच्या ओळखीचेही नव्हते, त्या माझ्यासोबत आल्या होत्या. तरी त्यांनी प्रत्येकाला गंभीरपणे सांगितलं, "माणूस चांगला होता."

काकूंचे यजमान पाटबंधारे खात्यात साहेब होते. त्यामुळे कॉलनीने निकाल देऊन टाकला होता की साहेबीणबाईंना भुई चालत नाही. मलाही तेच वाटायचं. आमची घरं एकाला एक लागून, दोघींच्या स्वयंपाकघरांत एकच भिंत. शिंकेचासुद्धा आवाज इकडून तिकडे जातो. एवढ्या जवळून पाहूनही माणूस कळतोच असं नाही.

काकू एकट्या राहतात. मुलगी वंदना अकोल्याला दिली आहे. मुलगी चांगली, जावई चांगला, विहीणही चांगली. वंदना दर रविवारी येते, आल्या आल्या आईला वरपासून खालपर्यंत न्याहाळते आणि म्हणते, "आई, एकदा जरी पडली ना, त्या दिवशी तुले उचलून अकोल्याले नेईन." ती हे प्रेमाने म्हणते, पण काकू ते ऐकताना दाराची चौकट धरतात.

"तिकडं वाईट काय आहे?" मी एकदा विचारलं.

"वाईट काईच नाई वं. पण तठी मले पाणीबी विचारून प्या लागते. अठी मी मध्यरात्री खोबरं खाल्लं तरी कोणी विचारत नाई."

गेल्या वर्षी माझी मान धरली. मी शाळेच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसते, त्यामुळे डॉक्टरांनी योगा सांगितला. मी चौकशी करून राजापेठेकडच्या एका स्टुडिओत नाव घातलं. संध्याकाळी हे काकूंना सांगितलं, तर त्या फाटकाशी येऊन म्हणाल्या, "मीबी येतो."

"काकू, तिथं खाली बसावं लागते."

"पाहू."

आता त्या स्टुडिओबद्दल सांगते. साड्यांच्या दुकानावर पहिला मजला, काचेचं दार, आत एसी. कोपऱ्यात छोटं कारंजं आणि स्पीकरवर झऱ्याचा आवाज. मन शांत व्हावं म्हणून तो लावतात. माझ्या वयाच्या बायकांना त्याने बाथरूमची आठवण होते, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसावं. सगळ्या मुली अंगाला चिकटलेल्या रंगीत पँटींमध्ये, प्रत्येकीची मॅट वेगळ्या रंगाची, आणि पाण्याच्या बाटल्या अशा की त्यात आमच्या घरचं आठवड्याचं तेल मावलं असतं. समोरच्या पूर्ण भिंतीला आरसा. मी त्यात स्वतःला पाहिलं आणि घाबरले. एवढी मी आहे, हे मला तोवर तुकड्यातुकड्यांनीच माहीत होतं.

काकूंनी नवीन पंजाबी ड्रेस शिवला होता आणि ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना लावल्या होत्या. त्यांनी आरसा पाहिला आणि ताबडतोब त्याच्याकडे पाठ केली. मग मागच्या भिंतीपाशी जाऊन... नाही, मागे जाता आलं नाही, तिथे मुली होत्या. त्या आरशालाच टेकून, सगळ्या वर्गाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

शिकवणाऱ्या श्रेया मॅडम पंचविशीच्या. आवाज इतका मऊ, की ऐकायला पुढे वाकावं लागे आणि माझी मान आणखी दुखे. त्या म्हणाल्या, "काकू, बसा. घाबरू नका. इथे कोणी कोणाला जज करत नाही."

"मी उभीच बरी."

"ठीक आहे. आपल्या शरीराचं ऐका."

"थ्याचंच ऐकून त उभी हावो."

असे दोन महिने गेले. आम्ही वाकलो, वळलो, लोळलो, आणि काकू उभ्या. ताडासन आलं की त्यांचा उत्साह पाहण्यासारखा असे. "तुमचं ताडासन खूप स्टेबल आहे," असं मॅडम म्हणाल्या, तेव्हा काकू घरापर्यंत खूश होत्या. एकदा नवीन आलेली एक बाई काकूंनाच शिक्षिका समजली. काकू हात बांधून उभ्या, म्हणून तीही हात बांधून उभी. काकूंनी नाक खाजवलं, तिनेही खाजवलं. मॅडमच्या लक्षात येईपर्यंत तिचा अर्धा तास तसाच गेला. जाताना ती म्हणाली, "कठीण आहे, पण बरं वाटलं."

मुलींना काकू आवडायच्या. "काकू किती क्यूट आहेत," म्हणत त्या फोटो काढायच्या. काकू फोटोतही उभ्या, भेदरलेल्या, डोळे दाराकडे. मी एक डोळा उघडून रोज बघायची, वर्ग संपायच्या आधी सगळे शवासनात डोळे मिटून पडले, की काकू एकेकीकडे निरखून पाहत. कोण उठतं, कसं उठतं, आधी हात टेकवतं की टोंगळा. टोंगळा म्हणजे आमच्याकडे गुडघा. मुली तर हात न टेकवता सरळ उठून बसत. काकूंचा चेहरा पडे.

एक दिवस परत येताना ऑटोत त्यांनी मला हळूच विचारलं, "ज्योती, थे उठाचं कवा शिकवते वं?"

"काय उठायचं?"

"भुईवरून. आसनं लय शिकवते थे पोरगी. कुत्र्याचं शिकवते, मांजरीचं शिकवते. माणसानं खाली गेल्यावर उठाचं कसं, थे शिकवूनच नाई राहिली."

मी म्हटलं, "त्यात काय शिकवायचं काकू? उठायचं."

ऑटोतून उतरल्यावर काकू फाटकापाशी थांबल्या आणि रस्त्याकडे बघत, भाजीचा भाव सांगावा तसं सगळं सांगून टाकलं. दोन हिवाळ्यांपूर्वी त्या सकाळी स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलायला खाली बसल्या. पडल्या नाहीत, घसरल्या नाहीत, फक्त बसल्या. शेंगा सोलून झाल्या आणि उठताच येईना. हात टेकवले, टोंगळे हलेनात. ओट्याला धरायला हात पुरेना. मोबाइल पलंगावर.

"मंग मले हाक मारायची ना! भिंतीपलीकडं तर होते मी!"

"मारली एकडाव. तुयं मिक्सर चालू होतं."

मी फाटकाची कडी लावली, परत काढली.

"मिक्सर बंद झालं, आन मले लाज वाटली. पातळ सुटलं होतं मायं. मंग तू गाडी काढली. फाटकाचा आवाज आला मले. मनलं, आता संध्याकाळपर्यंत कोणी नाई."

त्या दुपारपर्यंत तशाच बसून होत्या. मग सरकत सरकत पलंगापर्यंत गेल्या, पलंगाचा पाय धरून कशाबशा वर आल्या. सोललेले दाणे आधी डब्यात भरले, मग रडल्या. त्या दिवसापासून काकू खाली बसल्या नाहीत.

"आपोआप एखाद्या दिवशी खाली जाईनच ना मी," त्या म्हणाल्या. "पाय घसरन, चक्कर येईन. मले पडाचं भेव नाई ज्योती. मले त्या भुईचं भेव हाय. थे सोडत नाई. आन वंदनाले सांगजो नको. सांगशीन त तुया घरी पाणी पेणार नाई."

मी वंदनाला सांगितलं नाही. श्रेया मॅडमना मात्र दुसऱ्या दिवशी वर्गाआधी गाठून सरळ सांगितलं, की बाकीचं राहू द्या, ह्यांना उठायला शिकवा. मला वाटलं, आता मऊ आवाजात काहीतरी श्वासाबद्दल सांगेल. तिने स्पीकर बंद केला. झऱ्याशिवाय ती खोली एकदम साधी वाटायला लागली, शाळेच्या वर्गासारखी.

"आज एकच करायचं," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. "खाली जायचं आणि वर यायचं. हळू. सगळ्यांनी."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. सांगितलं मी, हे त्यांना कळलं. रागावल्या, पण पळाल्या नाहीत. मॅडमनी खुर्ची आणली. खुर्ची धरून एक टोंगळा टेकवायला काकूंना जेवढा वेळ लागला, तेवढ्या वेळात मी स्वयंपाक केला असता. त्यांच्या कपाळावर, एसीत, घाम होता. मग दुसरा टोंगळा. मग कुशीवर. मग काकू पाठीवर आडव्या झाल्या आणि दोन हिवाळ्यांनंतर भुईवरून छत पाहिलं.

"आता खुर्ची बाजूला घेऊ?" मॅडमनी विचारलं.

"घ्या," काकू म्हणाल्या.

कुशीवर वळल्या. कोपरावर आल्या. हात टेकवून टोंगळ्यांवर आल्या आणि तिथेच अडकल्या. मोठं शरीर आहे त्यांचं, ते सगळं त्या दोन मनगटांवर. काचेबाहेर पुढच्या बॅचच्या बायका जमल्या होत्या आणि आत डोकावत होत्या. मला वाटलं, आता मनगट जाईल, हाड मोडेल, वंदनाला फोन करावा लागेल, काकूंची पेटी अकोल्याला जाईल आणि हे सगळं मी घडवून आणलेलं असेल. मी पुढे होऊन हात दिला.

काकूंनी मानसुद्धा वर केली नाही.

"हात नको देऊ वं. घरी तुया हात थोडी रायते."

मी हात मागे घेतला. तो कुठे ठेवावा ते मला कळेना.

त्यांनी एक पाय पुढे आणला. पाऊल जमिनीवर पूर्ण टेकवलं. मांडीवर दोन्ही हात रोवले, तोंडाने "हूंऽऽ" असा आवाज काढला आणि उठल्या. डुलल्या, सावरल्या, उभ्या राहिल्या. मुलींनी टाळ्या वाजवल्या. काकू त्यांच्यावर खेकसल्या, "टाळ्या काहून वाजवता? हे त रोजच कराचं हाय."

आणि त्या रोज करतात. स्टुडिओ आम्ही उन्हाळ्यात सोडला, माझी मान जरा बरी आहे. वंदना अजून रविवारी येते, काकू अजून चौकटीपाशी असतात, पण आता चौकट धरत नाहीत. कोणाच्या घरी अजूनही खाली बसत नाहीत. "लोकाईसमोर काहून?" म्हणतात. खाली बसतात ते फक्त आपल्या स्वयंपाकघरात, सकाळी, भिंतीपलीकडे.

त्या वेळी माझी डब्याची घाई असते. आधी काकूंच्या बांगड्या भिंतीला घासल्याचा आवाज येतो. मग जमिनीवर टेकल्याचा. मग काही नाही. काही दिवशी ते ‘काही नाही’ लवकर संपतं. काही दिवशी संपतच नाही, आणि तव्यावरची पोळी करपते. तेवढ्यात "हूंऽऽ" येतं आणि पाठोपाठ कोणालाच उद्देशून नसल्यासारखी हाक, "उठली वं बाई!"

मी ओ देत नाही. त्यांनी माझ्यासाठी हाक मारलेली नसते आणि मी काही त्यांच्यासाठी थांबलेली नसते, असं आमचं ठरलेलं आहे.

फक्त ती हाक येईपर्यंत मी मिक्सर लावत नाही.