हेलियमचा सोमवार आणि आत्याच्या गोळ्या

"सोमवारी माझ्या कांड्यांतून वीज अशी धावेल, की अडथळा औषधालाही सापडणार नाही!" धरमतरला आत्याच्या घरात पाऊल टाकताच सुरभीने जाहीर केलं. शिशात बिस्मथ किती मिसळलं, की ते किती कडाक्याच्या थंडीत अतिवाहक होतं, हे तिला शोधायचं होतं. पाच कांड्या, प्रत्येकीत प्रमाण वेगळं. एक लाडकी बॅगेत, बाकीच्या घासायला बिस्किटांच्या डब्यात.

तिच्या रोह्याच्या कॉलेजला मुंबईच्या प्रयोगशाळेत वर्षाला एकच दिवस मिळे. सत्काराच्या शालींना पैसा असतो, ती थंडी आणणाऱ्या द्रव हेलियमला नसतो! सोमवार हुकला, की प्रकल्प खाडीत.

रविवारी तिने डबा उघडला. रिकामा!

"आत्या, माझ्या कांड्या?"

"कांड्या कसल्या गो? शिसं होतं त्यात. जाळं बुडायला गोळ्या पाडल्या! उधाण हाय ना उद्या," ठमाबाई म्हणाली.

"सगळ्या वितळवल्यास?"

"व्हय. पुरंना, म्हणून जुनं शिसंपण टाकलं."

"किती?"

"एक मूठ. नाय, दोन आसतील."

"मुठीने प्रमाण मोजतात?"

"मग आमटीत मीठ काय तुझे सर तोलून देतात?"

सुरभी रडली, ओरडली, जेवली नाही. सोमवारी लाडकी कांडी घेऊन निघाली. सरांना पुरावा म्हणून एक गोळीही घेतली.

कांडी थंड झाली. अडथळ्याचा आलेख दारुड्यासारखा जिना उतरला, दर पायरीवर अडखळत! प्रवीण सरांचं तोंड कारल्यासारखं झालं.

"आता ती गोळी टाक. हेलियम फुकट कशाला घालवायचं?"

गोळी थंड झाली, आणि आलेख एका दमात शून्यावर!

"कुणी बनवली?" सर खुर्चीतून उडाले.

"आत्याने. जाळ्यासाठी."

"अगं, तुझ्या कांडीत बिस्मथ एका टोकाला साचलंय. गोळीत सगळीकडे सारखं! प्रमाणाचा परिणाम बघायचा, तर आधी प्रमाण तरी सगळीकडे एकच हवं ना? तिची कृती विचार, नव्या कांड्या कर. आणखी एक दिवस मी भांडून मिळवतो!"

सुरभी उड्या मारत घरी आली. "आत्या, किती वेळ ढवळलंस?"

"घड्याळ कोन बघतो? शेजारची सरू आलेली, सुनेची गाऱ्हाणी घेऊन. ती बोलत होती, मी ढवळत होते. तिच्या गोष्टीत सून रुसून माहेरी गेली, तवा थांबले."

सुरभीने शिसं आणि बिस्मथ काटेकोर तोललं, चूल पेटवली आणि निमूट सरूकाकीला चहाला बोलवायला गेली.

नशीब थोर! सून कालच परत आली होती, गाऱ्हाणी ताजी होती.