नववीच्या म्हातारपणांची हजेरी

शाळेतल्या समुपदेशकानं वर्षभर काम कसं केलं, हे त्या शाळेतल्या मुलांची म्हातारपणं येऊन सांगतात. वार्षिक परीक्षेच्या आधीच्या शनिवारी, सकाळच्या शाळेला. उंबरखेडीच्या हायस्कूलमध्ये ती एसटीनं येतात, कारण उंबरखेडीला दुसरं काही जातच नाही.

पूर्वी हे मूल्यमापन अधिकारीच उरकायचे. भिंतीवरचे तक्ते बघायचे, "मॅडम चांगल्या आहेत का?" म्हणून मुलांना विचारायचे, मुलं एका सुरात "होऽऽ" म्हणायची आणि मग पोहे व्हायचे. पण समुपदेशकाचं काम लागू पडलं की नाही, हे त्याच वर्षी कळणार कसं? हा प्रश्न वर कुणाला तरी पडला, आणि तेव्हापासून ज्यांना ते कळून चुकलेलं असतं त्यांनाच बोलवायचं ठरलं. म्हातारपणांनी पुढचं काहीही फोडायचं नाही. विचारलं तेवढं सांगायचं, चहा घ्यायचा आणि परतीची गाडी पकडायची. मुलांना तोवर मैदानावर ठेवायचं, कारण स्वतःचं टक्कल बघून मागच्या एका वर्षी आठवीतला एक जण चांगलाच रडला होता.

शलाका दाभाडे या शाळेची समुपदेशक. नेमणूक कंत्राटी, दर वर्षीच्या निकालावर टिकणारी. मूल्यमापन चालू असताना तिनं व्हरांड्यात उभं राहायचं, वर्गात जायचं नाही आणि मुलांशी एक अक्षर बोलायचं नाही. तरीही हा दिवस तिला फार आवडायचा. फाटकातून ती सगळी आत येताना बघितली की वर्षभराचा शीण ती विसरून जायची.

आता तो समाधान खोपडे. श्रावणात यानं वर्गातल्या एकाच्या डोक्यात कंपासपेटी घातली होती, आणि शलाकानं त्याला महिनाभर समोर बसवून घेतलं होतं. त्याचं म्हातारपण काठी टेकत, धापा टाकत आलं, पायपुसण्याला नीट पाय पुसले, आणि तिच्याकडं बघून म्हणालं, "नमस्कार मॅडम. बऱ्या आहात ना?" अंगात कुणीतरी हातानं विणलेला स्वेटर. नखं मात्र अजूनही कुरतडलेली. अगं बाई, शलाकाच्या मनात आलं, हे कार्टं एवढं जगणार! कुणीतरी याच्यासाठी बसून स्वेटर विणणार! तिला हसू आलं आणि डोळेही भरले.

म्हातारपणं नववीच्या वर्गात आपापल्या बाकांवर बसली. गुडघे बाकाखाली मावेनात म्हणून सगळी तिरकी बसली होती. विस्तार अधिकारी वाकळे साहेबांनी हजेरी सुरू केली. साहेब शांत माणूस. या कामात इतकी वर्षं घालवल्यावर त्यांना कशाचंच नवल उरलं नव्हतं.

"खोपडे समाधान."

"हजर, साहेब."

"इंगवले मनवा."

खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावरची कडेची जागा रिकामी होती.

"इंगवले मनवा," साहेब पुन्हा म्हणाले. मग त्यांनी दारातून व्हरांड्यात बघितलं. "मॅडम, गैरहजर लिहू?"

घाटाखालच्या एका शाळेत असाच एक बाक रिकामा राहिला होता, हे शलाकाला ठाऊक होतं. तिथं गैरहजर लिहून सगळे घरी गेले होते. पुढच्या दिवाळीनंतर वर्गात त्या मुलाचीही जागा रिकामी झाली होती.

आणि मनवा! मनवा तर वर्गात पहिली. मनवाची तक्रार कधी कुणी केली नाही. शाळेची रीतच अशी होती की जो दंगा करील, जो रडेल, जो नापास होईल त्याला शिक्षक समुपदेशकाकडं पाठवायचे, आणि त्याला खोलीपर्यंत आणायचं काम मनवाकडं असायचं, कारण ती शहाणी. "मॅडम, कुणाला बोलवू?" म्हणून दारात उभी राहायची. रडणाऱ्यांना हात धरून आणायची, समाधानला शर्टाला धरून ओढत आणायची, त्यांना आत सोडायची आणि दार हळूच लावून घ्यायची. वर्षभर ती त्या दाराशी आली होती. आत ये, असं तिला एकदाही कुणी म्हटलं नव्हतं. शलाकानंसुद्धा नाही.

"लिहू नका," शलाका म्हणाली. "थांबा जरा."

"सकाळची शाळा सुटेपर्यंत थांबता येईल. पुढं नाही."

"मग मी मैदानावर जाऊन येते."

"मॅडम," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "मूल्यमापन चालू असताना तुम्हाला मुलांशी बोलता येत नाही. निकालावर परिणाम होतो."

"परिणाम व्हावा म्हणूनच तर चाललेय, साहेब."

"तुमची नेमणूक जाईल."

"जाऊ दे गेली तर."

समाधानच्या म्हातारपणानं बाकावर काठी आपटली. "अहो, जाऊ द्या की त्यांना! इथं कुणाला घाई आहे?"

मैदानावर खो-खो चालला होता. मनवा खेळत नव्हती, कडेला उभी राहून इतरांच्या चपला सांभाळत होती. शलाका दिसताच ती लगबगीनं पुढं आली.

"मॅडम, कुणाला बोलवू?"

"कुणालाच नको. तूच चल."

"मी? मी काय केलं?"

"काही नाही केलंस. चल."

खोलीत मनवा खुर्चीच्या अगदी टोकाशी बसली, आता लगेच उठायचंय अशी. म्हणाली, "माझं सगळं बरं आहे, मॅडम." एरवी शलाका बरंच बोलायची, पण आज तिला शब्दांची भीती वाटत होती. बाहेर खो-खोचा ओरडा चालला होता. मनवानं टेबलावरची पेनं नीट लावली. डस्टर सरळ ठेवलं. मग लावायला काही उरलं नाही.

"आई अंथरुणावरच असते," ती म्हणाली. "बाबा तिकडं लांब कामाला. भावाचा डबा, आईच्या गोळ्या, सगळं होतं माझ्याकडून. अभ्यासपण होतो. फक्त..."

"फक्त काय गं?"

"रात्री झोपताना वाटतं, सकाळी उठूच नये. रोज वाटतं, मॅडम. आता आता तर दिवसाही वाटायला लागलंय. कुणाला सांगणार? सगळ्यांना तर मीच आणून सोडते तुमच्याकडं."

शलाकानं खुर्ची ओढून तिच्याशेजारी घेतली. "चुकलं माझं," ती म्हणाली. "तू दारात उभी असायचीस आणि मी तुझ्या मागं कोण आलंय ते बघायचे. हे ओझं तुझ्या एकटीचं नाही, मनवा. आज शाळा सुटल्यावर मी तुझ्याबरोबर घरी येणार. बाबांना फोन मी लावणार. आणि डॉक्टरांकडं आपण दोघी जाणार. आजच. तोवर मी तुला एकटीला सोडायची नाही."

"भावाचा डबा?"

"तो माझ्या घरून येईल."

मनवाचा चेहरा एकदम लहान झाला, आणि ती रडायला लागली. हुंदके देऊन, नाक ओढत, नववीतल्या पोरीसारखी रडली. शलाकानं तिला रडू दिलं. बऱ्याच वेळानं ती ओढणीनं तोंड पुसत म्हणाली, "मॅडम, मला भूक लागलीय."

तेवढ्यात फाटकाशी एसटीचा हॉर्न वाजला. या वेळेला उंबरखेडीला गाडी नसते.

फाटकाशी शिपाई लतीफभाईंची कुणाशी तरी बाचाबाची चालली होती. "आजी, हजेरी होऊन गेली!"

"होऊ दे की! मी काय हौसेनं उशीर केला?" आवाज खणखणीत होता. "सकाळपासून स्टँडवर बसलेय. विचारतेय, विचारतेय, उंबरखेडीची गाडीच लागत नव्हती. आत्ता कुठं लागली."

व्हरांड्यातून चपलांचा आवाज आला. एक उंच म्हातारी झपाझप चालत आली. कापलेले पांढरे केस, खांद्याला पिशवी. समुपदेशकाच्या खोलीपाशी येताच तिचे पाय आपोआप थांबले. दारात उभं राहून, सवयीनं, ती म्हणाली, "मॅडम, कुणाला बोलवू?"

शलाकानं नुसते हात जोडले. कानाच्या पाळीवरचा तीळ तिथंच होता. डोळ्यांभोवती सुरकुत्यांचं जाळं, आणि त्यातल्या कितीतरी हसण्याच्या होत्या. एवढ्या सगळ्या वर्षांचं हसू आज सकाळपर्यंत कुठंच नव्हतं, आणि आता ते दारात उभं राहून धापा टाकत होतं. मनवा टेबलावर डोकं टेकून बसली होती, तिनं वर बघितलं नाही. म्हातारीनं तिच्याकडं बघितलं, खूप वेळ बघितलं, आणि नियम होता म्हणून काही न बोलता वर्गाकडं गेली.

लतीफभाईंना मनवाजवळ बसवून शलाका व्हरांड्यात आली. वर्गात समाधानचं म्हातारपण म्हणत होतं, "ये बाई, ये! तुझ्यापायी सगळे अडकलेत."

"इंगवले मनवा," साहेब म्हणाले.

"हजर."

"समुपदेशकांचं काम कसं होतं?"

"उशिरा सुरू झालं."

साहेबांनी पेन उचललं. "आणि?"

"आणि काय? मी आलेय ना."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मधेच मुलीशी बोलणं झाल्यामुळं हे मूल्यमापन रद्द धरावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. मूल्यमापनाचा निकाल लागेपर्यंत समुपदेशकाला हलवता येत नाही, हाही नियमच होता, आणि तोही त्यांनी वाचून दाखवला.

"म्हणजे पुढच्या वर्षी सगळ्यांना पुन्हा यावं लागेल," साहेब म्हणाले.

म्हातारपणांनी कुरकुर केली. एवढ्या लांबून, या वयात, या गुडघ्यांनी! खिडकीजवळची म्हातारी मात्र पिशवीतून डबा काढत होती.

"येईन की," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी लवकर निघेन."