नवव्या हिरवळीवर मांडव

यंदाच्या स्पर्धेत कुणाला बोट ठेवायला जागा सापडणार नाही, असं बलभीमराव साळुंके माकणीच्या स्टँडसमोर चहा पिता पिता सात जणांना सांगून बसले होते. सातांपैकी पाच जणांना ती स्पर्धा बैलगाड्यांची वाटत होती. सहाव्याला कमी ऐकू यायचं. सातवा जाफर, तो बलभीमरावांकडंच कामाला असल्यामुळं त्याला मान डोलावणं भाग होतं.

स्पर्धा गोल्फची होती. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेली माणसं एक तर देवळाची ट्रस्टी होतात, नाहीतर गुडघे बदलून घेतात. बलभीमरावांनी धरणाच्या कडेच्या चाळीस एकर मुरमाड रानात नऊ खड्डे पाडले. खेळ अठरा खड्ड्यांचा असतो. इथं तेच नऊ दोनदा खेळायचे. आठ खड्ड्यांभोवती गवत जगलंच नाही, म्हणून तिथं वाळूत तेल कालवून सपाट वर्तुळं केलेली. नववं तेवढं खरोखरीच्या हिरवळीचं. ती हिरवळ जाफरनं सहा वर्षं अशी काही जपली होती, की त्याची बायको शरिफाबी तिला सवत म्हणायची.

खेळायला येणारे सगळे व्यावसायिक. हा शब्द ऐकून तुमच्या डोळ्यांपुढं पांढरी टोपी आणि परदेशी गाडी आली असेल, तर ती कृपया पुसून टाका. हे दुय्यम टूरवरचे, म्हणजे गावोगावच्या छोट्या स्पर्धांच्या साखळीतले, बेचाळीस जण होते. तिघातिघांत एक गाडी करून यायचे, प्रवेश फी खिशातून भरायचे आणि मंगल कार्यालयात गाद्या टाकून झोपायचे. पहिल्या पाचांना बक्षीस, विसाव्यापर्यंत पेट्रोलचा खर्च, बाकीच्यांना अनुभव! असल्या छोट्या स्पर्धा खेळूनच वर चढायचं असतं, आणि त्या तर दरसाल एकेक करून बंद पडत होत्या. टीव्हीवर दिसत नाही म्हणून प्रायोजक येत नाही, आणि प्रायोजक नाही म्हणून टीव्हीवाला फिरकत नाही. मराठवाड्यात उरलेली ही एकच.

तीही आता काठावर आली होती. टूरचं पत्र आलं होतं की, यंदा निरीक्षक येतील. दोन दिवसांच्या दोन्ही फेऱ्या पुऱ्या झाल्या आणि बघायला माणसं दिसली, तर पुढच्या वर्षीची तारीख कायम. नाहीतर ती तारीख एका रिसॉर्टनं मागितलेलीच आहे.

ट्रॅक्टरवाले, बियाणंवाले, खतवाले असे सगळे प्रायोजक एकेक वर्ष करून पसार झाले होते. यंदा ठिबकचे पाईप करणारे युवराजशेठ सापडले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, की बघायला माणसं किती येतात. बलभीमरावांना गेल्या वर्षीचे अकरा प्रेक्षक आठवले. त्यातले चार शेळ्यांमागं आले होते. तरी त्यांनी छाती पुढं काढून शंभर सांगितले.

"शंभर माणूस तर आमच्या पुतण्याच्या जावळाला आलं होतं," युवराजशेठ म्हणाले. "आपण 'खेळ पैठणीचा' ठेवू. बायका उखाणे घेतील, फुगे फुगवतील, जिंकंल तिला पैठणी. तुमची बक्षिसं पण त्याच मांडवात."

बलभीमरावांनी मनातल्या मनात हिशेब केला. माणसं दिसली पाहिजेत ही अट परभारे सुटत होती. ते हो म्हणाले, वर युवराजशेठना दूरदृष्टीचे म्हणाले.

पहिला दिवस झकास गेला. त्या संध्याकाळी मांडववाल्या तौफिकचा फोन आला, तेव्हा बलभीमराव बेचाळीस जणांच्या पिठलं-भाकरीत गुंतले होते. मांडव नेमका कुठं घालायचा, असं तो विचारत होता.

"रानात ये. जिथं सगळ्यात सपाट आणि सगळ्यात हिरवं दिसंल तिथं घाल," बलभीमराव तोऱ्यात म्हणाले. "आणि मला परत परत विचारू नको."

तौफिक आज्ञाधारक माणूस. त्यानं परत विचारलं नाही.

सकाळी जाफर बोलवायला आला आणि नुसतं रानाकडं बोट करून मागं वळला. बलभीमराव त्याच्या मागं गेले. नवव्या हिरवळीवर साठ बाय चाळीसचा लालपिवळा मांडव डौलानं उभा होता. पहारीनं ठोकलेले खुंट, खुंटांना ताणलेले दोर, आणि मधल्या खांबाला टेकून दात कोरत तौफिक.

"साहेब, खांबाला खड्डा आयताच घावला. आतून डबा बसवलेला. इतकी सोय कुठल्या लग्नात न्हाय झाली."

"त्यातला झेंडा कुठंय?"

"बारका होता म्हणून काढला. शेठच्या कंपनीचा मोठा लावलाय की."

जाफर उकिडवा बसून खुंट मोजत होता. "एकशे बारा," तो म्हणाला. मग पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.

मांडव हलवायला युवराजशेठनी फोनवर साफ नकार दिला. फ्लेक्सचं तोंड रस्त्याकडं अगदी बरोबर आलं होतं. मग निरीक्षक शिवप्रिया मॅडमनी नियमांचं पुस्तक उघडलं. त्यात मुंग्यांच्या वारुळाला नियम होता, सापाला होता, साचलेल्या पाण्याला होता, पैठणीला नव्हता. शेवटी त्यांनी मांडवापासून वीस पावलांवर नवा खड्डा पाडायला सांगितला आणि सगळ्यांनी तोच खेळावा असं ठरवलं. जाफरनं तो पाडला. कबर खणणारा माणूसही खणताना जरा प्रसन्न दिसत असेल.

सकाळचा नऊ खड्ड्यांचा पहिला फेरा निभावला. बारा वाजता टेंपो यायला लागले. हजारभर बायका आल्या, मांडव भरला आणि उरलेल्या तीनशे जणी स्वच्छ जागा बघून बाहेर बसल्या. स्वच्छ जागा म्हणजे अर्थातच नव्या खड्ड्याभोवतीची. तेवढ्यात दुसऱ्या फेऱ्यातला पहिला खेळाडू आला. समोर एवढा समाज बघून त्यानं जीव मुठीत धरून चेंडू हलकेच सरपटत सोडला. तो गडगडत धुरपदाबाईंच्या पदरात जाऊन थांबला.

धुरपदाबाई सरळ उठल्या, स्टेजवर गेल्या आणि आपला नंबर लागला म्हणाल्या. निवेदक हुशार. त्यानं वेळ न दवडता त्यांना बक्षीस म्हणून स्टीलचा डबा दिला.

झालं! अर्ध्या मिनिटात मांडव रिकामा झाला. हजार बायका पदर पसरून गोल्फच्या दिशेनं तोंड करून उभ्या राहिल्या. सहा वर्षांत या खेळाकडं इतक्या आशेनं कुणी पाहिलं नव्हतं. चेंडू आला की झुंबड उडायची. बाहेरच्या माणसानं चेंडू उचलला तर तो होता तिथं परत ठेवायचा, असा नियम आहे. पण तो कुठं होता याबद्दल चाळीस बायकांची चाळीस मतं, आणि प्रत्येकीचं ऐकून घेणं शिवप्रिया मॅडमना भाग होतं. एकेका चेंडूला दहा-बारा मिनिटं जायला लागली. बलभीमरावांनी माईक मागून आयाबहिणींना हात जोडले, तर निवेदकानं त्यांचाच सत्कार उरकून घेतला. शाल आणि नारळ हातात घेऊन ते खाली आले, तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. त्यांच्या सौभाग्यवती मथुराबाई पहिल्या रांगेत पदर पसरून उभ्या होत्या. नवऱ्याकडं बघून त्या एवढंच म्हणाल्या, की यंदा माणसं तरी आली.

सूर्य धरणात बुडाला तेव्हा सहा खेळाडूंचं खेळायचं राहिलं होतं. त्यात तेरचा कुलदीप. दहा वर्षं या टूरवर काढलेला, आदल्या दिवशी सतरावा आणि त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांच्या पुढं. फेरी अपुरी राहिली, म्हणून मॅडमनी ती रद्द केली आणि पहिल्या दिवसाचा निकाल कायम धरला. सतराव्याला पेट्रोल.

कुलदीपनं काठ्या पिशवीत भरल्या. "काका, घरचे दुकानावर बस म्हणत होते," तो बलभीमरावांना म्हणाला. "आता बसतो." आणि वाकून पाया पडला. शिव्या दिल्या असत्या तर बलभीमरावांना बरं वाटलं असतं.

पंधरा दिवसांनी टूरचं पत्र आलं. प्रेक्षकांच्या संख्येबद्दल अभिनंदन केलं होतं. तारीख रिसॉर्टला दिली होती.

त्याच दिवशी युवराजशेठ पेढे घेऊन आले. तीन पेपरांत फोटो छापून आले होते, पाईपची मागणी वाढली होती. पुढच्या वर्षी पुन्हा इथंच करायचं, दोन हजार बायका आणायच्या, असं ते म्हणत होते. जाफर नवव्या हिरवळीच्या खुंटांच्या भोकांत माती भरत होता, त्याच्याकडं बघत बलभीमरावांनी विचारलं, "आणि गोल्फचं काय?"

"ठेवू की. तुम्हाला कोण न्हाय म्हणतंय? बायका जमेस्तोवर दहा मिनिटं."

बलभीमरावांनी हातातला पेढा परत खोक्यात ठेवला. गोल्फच्या इतिहासात दहा मिनिटांची स्पर्धा कुठं झाली नव्हती. हा या खेळाचा, जाफरचा, सहा वर्षांचा अपमान होता. ते उठले, आवाज चढवला आणि ठणकावून पंधरा मागितली.

बारावर मिटलं.