बाराच्या आतले उपासक

सातपूरचे निवृत्त मुख्याध्यापक सहादू गांगुर्डे यांनी उभ्या हयातीत एकाही तपासनिसाचा शेरा मुकाट्याने स्वीकारला नव्हता. मग तरुण डॉक्टर चैतालीचा तो कसा स्वीकारावा? "वजन ब्याण्णव, साखरही वाढलीय. आठ किलो उतरवा, मगच गुडघ्याचं ऑपरेशन," असे तिने सांगताच, तिच्या वयापेक्षा आपली नोकरी मोठी असल्याचे गुरुजींनी तिला ऐकवले. पण ऑपरेशन हवेच होते. विहारात वंदनेला सारे जमिनीवर मांडी घालून बसत आणि गुरुजी मात्र मागे, लग्नातल्या रुसलेल्या पाहुण्यासारखे, प्लॅस्टिकच्या खुर्चीत! हा अपमान त्यांना गुडघ्याहून अधिक सलत होता.

आषाढ पौर्णिमेला त्यांनी विहारात जाहीर केले, की वर्षावासाचे तीन महिने आपण अष्टशील पाळणार. दुपारी बारानंतर अन्नाचा कण घेणार नाही. आहारतज्ज्ञ काल जन्मले, ही विद्या अडीच हजार वर्षांची आहे, हेही बजावले.

घोळ इथेच झाला. शील पाळणाऱ्याला भोजनदान देणे हे पुण्यकर्म, आणि असा उपासक कॉलनीला घरबसल्या लाभलेला. दुसऱ्याच दिवशी नऊला शेजारची मोहिनी खिरीचा डबा घेऊन हजर. दहाला पगारेंच्या पुरणपोळ्या, अकराला कुणाची मटकी-भाकरी. दान नाकारणे म्हणजे दात्याचे पुण्य बुडवणे, असा गुरुजींचा सिद्धांत. पावणेबाराला तर परीक्षेची घंटा होण्याआधी हुशार मुलाने पुरवण्या मागाव्यात, तसे ते वाढून मागत.

"अहो, निम्मं तरी राहू द्या," त्यांच्या पत्नी लताबाई म्हणत.

"राहू देऊन करू काय? बारानंतर चालत नाही."

दोन महिन्यांनी दवाखान्याच्या काट्याने शहाण्णव दाखवले. गुरुजी खवळले. काटा सदोष आहे, आपण लेखी तक्रार करणार, कागद आणा! काटा तपासण्यासाठी डॉक्टरांनी लताबाईंना उभे केले. त्या मागच्या खेपेपेक्षा पाच किलोंनी उतरल्या होत्या.

"काय केलंत, आजी?"

"मी कुठे काय केलं? ह्यांचे डबे घरोघर परत करत होते. रिकामा डबा द्यायचा कसा, म्हणून काहीबाही रांधून भरायचं आणि निघायचं. रोजची आठ-दहा घरं."

डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिले: यापुढे डबे गुरुजींनी स्वतः, सपाट रस्त्याने, सावकाश चालत परत करावेत.

हा उघड अन्याय असल्याचे सांगत दुसऱ्या सकाळी गुरुजी काठी टेकत निघाले. पहिलेच घर मोहिनीचे. उपासक स्वतः दारी आल्याचे पाहून ती हरखली. खुर्ची पुढे आली, ताट आले.

"बसा गुरुजी, आत्ता कुठे सव्वाअकरा होताहेत."

गुरुजींनी घड्याळाकडे पाहिले. तिचे म्हणणे बिनतोड होते. आणि बिनतोड युक्तिवादापुढे मान तुकवण्याइतका प्रामाणिकपणा त्यांच्यात नक्कीच होता.