पाच म्हातारे आणि एक अवघड आठवडा

दिपालीने सिगारेट आतापर्यंत चार वेळा सोडली होती. कंपनीतल्या ब्रेकमध्ये लागलेली ही सवय मोडल्याशिवाय बाळाचा विचार करू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आणि दिपालीला बाळ हवं होतं. म्हणून ती दर वेळी एक तारखेला सोडायची आणि तीन तारखेला टपरीवर सापडायची.

"पाळी कधी येते?" दवाखान्यातल्या नर्सबाईंनी विचारलं.

"दोन-तीन तारखेला."

"म्हणजे ऐन चिडचिडीच्या दिवसांत सोडता तुम्ही! सगळ्यांचं सारखं नसतं, पण काहींना तेव्हाच तलफ जास्त येते. पाळी होऊन जाऊ द्या, मग सोडा."

घरी येऊन दिपालीने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दहा तारखेला हिरवा गोल केला आणि लिहिलं, 'सोडायची'. पंचवीसपासून पुढे लाल पट्टा ओढून लिहिलं, 'अवघड आठवडा'.

सकाळी सासरे कुंडलिकराव कॅलेंडरपुढे डोळे पुसत उभे. तीस वर्षं बिडी ओढून खोकल्याने वाकलेला माणूस.

"सूनबाई, माज्या बिडीसाटी येवढ्या तारखा काडून ठिवल्यास? पोटच्या पोरानं कदी इचारलं न्हाई गं!"

तव्यावरची भाकरी करपली. या तारखा कशाच्या, हे सासऱ्यांना सांगणार कसं?

"हो मामंजी," दिपाली म्हणाली.

सासू सगुणाबाईंनी तिला कोपऱ्यात घेतलं. "ह्या तर तुज्या पाळीच्या तारखा. आन् सिग्रेटचा वास मला येत न्हाई व्हय?"

दिपालीने मान खाली घातली. "सांगू का त्यांना?"

"खुळी का काय! तीस वर्सं माजं ऐकलं न्हाई. तुज्या पाळीचं ऐकत्यात, तर ऐकू दे की!"

कुंडलिकरावांनी मोबाईलवर कॅलेंडरचा फोटो काढला आणि पारावर सगळ्यांना दाखवला. दहा तारखेला शिवरे गावात त्यांच्यासकट पाच म्हाताऱ्यांनी बिडी सोडली. त्याच दिवशी, गुपचूप, दिपालीनेही.

पंचवीस तारखेपासून म्हातारे शिस्तीत चिडू लागले. पाचांतल्या सावळारामने एसटीच्या कंडक्टरला दम भरला, "आज सत्तावीस हाय, मला बोलू नगा!" कुंडलिकराव आमटीत मीठ कमी म्हणून रुसून गोठ्यात जाऊन बसले.

अठ्ठावीसला दिपालीचाही धीर सुटला. ती तरातरा टपरीकडे निघाली. वाटेत पारावर पाचांतलाच रखमाजी कमरेला गरम पाण्याची पिशवी लावून पडला होता.

"काय झालं, काका?"

"तुला न्हाई कळायचं, सूनबाई," तो कण्हला. "ह्या आठवड्यात माणसाला काय व्हतं त्ये तुला न्हाई कळायचं."

दिपाली तिथेच पारावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. उठली तेव्हा तलफ गेली होती. रखमाजीला मनोमन नमस्कार करून ती घरी परतली.

दोन महिने असेच गेले. तिसऱ्या महिन्यात कॅलेंडर कोरंच राहिलं. पंधरा तारखेला पाचही म्हातारे दारात हजर.

"सूनबाई, अवघड आठवडा कवाचा? मनाची तयारी कराया नगं?"

सगुणाबाईंनी कोरं कॅलेंडर पाहिलं, सुनेकडे पाहिलं, बोटं मोजली.

"आता नऊ म्हैने अवघड आठवडा न्हाई," त्यांनी जाहीर केलं.

"आजाबात न्हाई?"

"न्हाई."

रखमाजीने दिपालीला दोन्ही हात जोडले. "लई उपकार झालं, सूनबाई!"

संध्याकाळी त्याने अख्ख्या पारावर पेढे वाटले. कशाचे, ते त्याला ठाऊक नव्हतं. सगुणाबाईंनी मात्र दोन मागून घेतले.